समेट हवा, पण बरोबरीचा

(मंडळाच्या सभासदांसमोर सिल्वासा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय न्यायव्यवस्थेतील सुधारणांचा आहे आणि बोलायला उभा आहे एक बँकेतला कारकून. मी वकील नाही. बी. कॉम. झालो आणि काउंटरमागे बसलो, तो आजतागायत तिथेच आहे. तरीही कार्यवाहांनी हा विषय मला दिला, त्यामागे कारण आहे. आपल्या भागात कोणाच्या घरी कोर्टाचा कागद आला की तो माणूस आधी वकिलाकडे जात नाही. तो बँकेत येतो. कारण इंग्रजी वाचता येणारा आणि पैसे न मागणारा ओळखीचा माणूस त्याला तिथेच भेटतो. असे कागद मी वर्षानुवर्षे वाचून दाखवत आलो आहे. त्या अनुभवाच्या जोरावर आज चार गोष्टी आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात आपल्या गावाच्या अभिमानाच्या गोष्टीने करतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेले स्वयंसेवक होते, हेही आपण दरवर्षी सांगतो. पण त्यानंतर या भूमीवरून एक खटला झाला, त्याची आठवण फारशी काढली जात नाही. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून दादरा आणि नगर हवेलीत जाण्यायेण्याचा आपला हक्क भारताने अडवला, अशी त्यांची तक्रार होती. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून काम केलेले महंमद करीम छागला त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून बसले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी असा हक्क नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले.

मित्रहो, तारखा पाहा. दोन देश, दोन खंड, दीडशे-दोनशे वर्षांचे जुने दस्तऐवज आणि मराठेशाहीच्या काळातल्या तहापर्यंत मागे जाणारा युक्तिवाद. एवढे सगळे सव्वाचार वर्षांत आटोपले.

आता याच भूमीतला दुसरा खटला पाहा. पोर्तुगीज राजवटीत इथे ‘अल्वारा’ नावाचे जमिनीचे पट्टे दिले जात. जमीन ठरलेल्या मुदतीत लागवडीखाली आणायची, ही त्यातली अट होती. आपल्या प्रदेशासाठी जमीन सुधारणेचा कायदा १९७१ साली आला. १९७४ साली कलेक्टरांनी अट पाळली नाही या कारणावरून काही अल्वारा रद्द केले. पट्टेदार कोर्टात गेले. खालच्या दोन्ही न्यायालयांत त्यांच्या बाजूने निकाल झाला. मुंबई उच्च न्यायालयात तो २००५ साली फिरला. सर्वोच्च न्यायालयाने पट्टेदारांचे अपील फेटाळून शेवटचा शब्द सांगितला तो २०२५ साली. १९७४ ते २०२५, म्हणजे एक्कावन्न वर्षे. निकाल बरोबर की चूक, याची चर्चा मी करणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण ज्यांनी दावा लावला त्यांतले किती जण निकाल ऐकायला हयात असतील, याचा विचार आपणच करा. आणि त्या जमिनींवर ज्यांची आशा लागली होती त्या भूमिहीनांचाही करा. निकाल लागेपर्यंत ना पट्टेदार मोकळा, ना सरकार मोकळे, ना कसणारा मोकळा.

हेगला सव्वाचार वर्षे आणि आपल्याकडे एक्कावन्न. कोणी म्हणेल, तिथे एकच खटला, इथे लाखो. खरे आहे. देशभरातील न्यायालयांत आज पाच कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. विधी आयोगाने १९८७ सालीच सांगितले होते की दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असायला हवेत. आज मंजूर पदे धरूनही हे प्रमाण पंचवीसच्या आत आहे. आमच्या बँकेत पाच काउंटरचे काम दोघांवर टाकले तर रांग रस्त्यावर जाईल. त्यात कारकून आळशी आहे असे म्हणून भागणार नाही. म्हणून न्यायाधीश वाढवा, रिकाम्या जागा भरा, ही मागणी तर आहेच. पण मला आज त्यापुढचे बोलायचे आहे.

अंतराचा प्रश्न

दादरा आणि नगर हवेली १९६१ साली भारतीय संघराज्यात सामील झाल्यापासून आपले उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालय. २६ जानेवारी २०२० रोजी दमण आणि दीव आपल्याशी जोडले गेले, तरी यात बदल झाला नाही. सिल्वासा ते मुंबई पावणेदोनशे किलोमीटर. आपल्यासारख्याने पहाटे वापीला जाऊन गाडी धरायची आणि रात्री परत यायचे. नोकरदाराची एक रजा जाते. पण दुधनी, कौंचा, मांदोणी, सिंदोणी या बाजूच्या माणसाचे काय? त्याला सिल्वासाचे कोर्ट गाठतानाच एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. तिथे तारीख पडली की दुसरी मजुरी. मुंबई तर त्याच्या हिशेबातच नाही. म्हणजे कायद्याने दिलेला अपिलाचा हक्क त्याच्यासाठी कागदावरच राहतो.

अंतर कमी केले की काय होते, याचे एक उदाहरण माझ्या कामातले देतो. चेक परत गेला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फिर्याद होते, हे आपल्यातल्या छोट्या कारखानदारांना चांगले माहीत आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की फिर्याद चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथेच करायची. आता आपल्या आमळी किंवा मसाटच्या सुट्या भागांच्या पुरवठादाराने माल दिला लुधियानाला, चेक लुधियानाच्या बँकेचा. साठ हजारांच्या चेकसाठी त्याने लुधियानाला किती वेळा जायचे? अनेकांनी नादच सोडला. २०१५ साली कायदा बदलला. चेक आपल्या खात्यात भरला असेल तर आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात फिर्याद करता येईल, असे ठरले. कायद्यातली एक तरतूद बदलली आणि सिल्वासाच्या माणसाला सिल्वासात दाद मागता येऊ लागली. त्यासाठी नवी इमारत लागली नाही की निधी लागला नाही.

अर्थात दार जवळ आले म्हणून आतली रांग कमी झाली नाही. २०१९ सालअखेर देशात पडून असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाख १६ हजार प्रकरणे चेकची होती, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२१ साली नोंदवले. पण दार जवळ असणे ही पहिली पायरी आहे, एवढे यातून दिसते.

कोल्हापूरकरांनी हीच पायरी मिळवायला चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केले. वकील, पक्ष, संघटना सगळे एकत्र आले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना त्याचा लाभ होतो. आपला प्रदेश लहान आहे. इथे खंडपीठ मागणे कोणी मनावर घेणार नाही, हे मला कळते. पण दूरचित्रवाणीवरून सुनावणी होऊ शकते, हे करोनाच्या काळात सिद्ध झाले आहे, आणि ही सोय कोणत्याही उच्च न्यायालयाने नाकारू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले आहे. मग सिल्वासाच्या कोर्टाच्या आवारात एक खोली, एक पडदा आणि मदतीला एक कर्मचारी, जिथे बसून आपला माणूस मुंबईची सुनावणी पाहू शकेल, एवढे मागण्यात काय अवघड आहे?

भाषेचा प्रश्न

आपल्या बाजारात उभे राहिले की गुजराती, हिंदी, मराठी, वारली, कोकणी, धोडिया अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. कोर्टाचा कागद मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत येतो. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, हे घटनेच्या कलम ३४८ मध्येच आहे, ते एका दिवसात बदलणार नाही. अलीकडच्या वर्षांत सर्वोच्च न्यायालय आपल्या अनेक निकालांची भाषांतरे मराठी, गुजरातीसह भारतीय भाषांत देऊ लागले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण सामान्य माणसाचा संबंध निकालाआधी समन्सशी आणि नोटिशीशी येतो. कोणत्या तारखेला, कोणत्या खोलीत, कशासाठी यायचे आणि नाही आलो तर काय होईल, या चार गोष्टी त्याला त्याच्या भाषेत कळल्या पाहिजेत. नाही कळल्या तर तो जात नाही. नाही गेला की एकतर्फी हुकूमनामा होतो. मग वसुलीचा माणूस दारात उभा राहिला की तो माझ्याकडे कागद घेऊन येतो. तोवर उशीर झालेला असतो.

हे आजचेच दुखणे आहे असे समजू नका. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी काय जाळले? मुख्यतः रोखे आणि दस्तऐवज. कारण त्या कागदांच्या जोरावर सावकार कोर्टात जात, शेतकरी हजर राहत नसे, आणि त्याच्या माघारी जमिनीवर हुकूमनामा होई. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले की नुसता रोखा पाहू नका, मूळ कर्ज किती, व्याज किती चढवले, किती फेडले, हा सगळा इतिहास तपासा. समेट घडवणारे मध्यस्थही नेमले. त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, लोकांचे तंटे लोकांतच मिटावेत म्हणून लवाद कोर्टाचा प्रयोग केला. म्हणजे कोर्टाबाहेर समेट ही कल्पना आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे. आणि समेटाआधी हिशेब तपासा, ही कल्पनाही तेवढीच जुनी आहे. आज आपण पहिली लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो.

लोक अदालत : चांगली सोय, पण कोणासाठी?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कोर्टात वर्षे जातात, मग उपाय काय? सगळे सांगतात, लोक अदालत. या उपायाशी आपल्या शेजाराचा जवळचा संबंध आहे. रंगपूरच्या आश्रमात हरिवल्लभ परीख यांनी १९४९ पासून आदिवासींचे तंटे उघड्यावर, सगळ्यांसमोर बसून मिटवले. १९८२ साली जुनागढ जिल्ह्यातील उना येथे आजच्या स्वरूपाची पहिली लोक अदालत भरली. पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. लोक अदालतीत फी नाही. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तिचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही.

मी लोक अदालतीचा विरोधक नाही, हे आधीच स्पष्ट करतो. अपघाताची भरपाई, भावाभावांतली वाटणी, वीजबिलाचे तंटे, चेकचे खटले एका दिवसात मिटलेले मी पाहिले आहेत. लोक हसत घरी गेलेले पाहिले आहेत. पण ‘त्यावर अपील नाही’ हे शब्द जरा पुन्हा ऐका. कोर्टाच्या निकालात चूक झाली तर वर जाता येते. लोक अदालतीत आपण स्वतः सही केलेली असते. फसवणूक झाली किंवा संमतीच नव्हती, असे फार थोड्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट करता येते. आणि उच्च न्यायालय म्हणजे पुन्हा मुंबई. म्हणून त्या टेबलावर सही करताना माणसाला काय कळते आणि त्याच्या बाजूला कोण बसलेले असते, यावर सगळे अवलंबून आहे.

एक प्रसंग सांगतो. बँकेचे नाव सांगण्याची गरज नाही, माणसाचेही नाही. खानवेलकडचा वारली समाजाचा एक कामगार, कारखान्यात रोजंदारीवर. मेहुण्याच्या रिक्षाच्या कर्जाला तो जामीनदार राहिला होता. मेहुण्याने हप्ते थकवले. नोटीस आली, लोक अदालतीची तारीख पडली. थकबाकी दाखवली होती १ लाख १२ हजार. तिथे ७० हजारांवर तडजोड झाली, दरमहा १० हजारांचे सात हप्ते. ४२ हजार सुटले म्हणून तो खुश होता. तीन हप्ते त्याने उसनवारी करून भरले. चौथ्या महिन्यात कारखान्यात काम बंद झाले आणि हप्ता चुकला. मग त्याला पत्र आले ते ८२ हजारांचे. ते घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, मिटलं म्हणाले होते ना?”

मी कागद वाचला. त्यात लिहिले होते की एक हप्ता जरी चुकला तरी सवलत रद्द होईल आणि भरलेली रक्कम वजा जाता पूर्ण थकबाकी वसूल केली जाईल. अट बेकायदा नव्हती, बँका अशी अट घालतात. पण ती त्याला कोणी वाचून दाखवली नव्हती. १ लाख १२ हजारांचा आकडा कसा झाला, त्यात मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती, हा खातेउतारा त्याने पाहिलाच नव्हता. आणि तिसरी गोष्ट, टेबलाच्या एका बाजूला बँकेचा अधिकारी आणि वकील होते, दुसऱ्या बाजूला तो एकटा होता. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. ते त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यालाही विचारायचे ठाऊक नव्हते. नोटिसा, समन्स यांच्या त्या पुडक्यात त्या हक्काचे एक वाक्यही नव्हते.

बंधू-भगिनींनो, याला मी समेट म्हणणार नाही. समेट बरोबरीच्या माणसांत होतो. ज्याला ‘हे मला मान्य नाही, माझा खटला चालवा’ असे म्हणता येत नाही, त्याचा ‘हो’ काय कामाचा? सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली पंजाबमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की लोक अदालतीला न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नाही, दोन्ही बाजूंची खरी संमती असेल तरच तिथे निवाडा होतो. संमती खरी व्हायची तर आधी माहिती हवी, हिशेब हवा आणि सोबतीला जाणकार हवा.

आपल्या महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. आपल्यापैकी अनेकांच्या गावी त्याचे फलक लागले. चांगला हेतू होता आणि अनेक गावांत चांगले कामही झाले. पण तिथेही बक्षीस तंटा मिटवण्याला होते. तो न्याय्य मिटला की दुबळ्याने गावाच्या भिडेने मान तुकवली, हे मोजायचे माप त्यात कुठे होते? लोक अदालतीनंतर वर्तमानपत्रात इतकी हजार प्रकरणे निकाली असा मथळा येतो. आम्हा बँकवाल्यांना टार्गेटची सवय आहे, म्हणून सांगतो, आकडा हेच उद्दिष्ट झाले की माणूस मागे पडतो.

हक्क आहे, पण ठाऊक नाही

आता हा हक्क नेमका कोणाला आहे? १९७६ साली घटनेत कलम ३९-अ आले आणि गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये ही राज्याची जबाबदारी ठरली. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये यादीच दिली आहे. अनुसूचित जाती आणि जमातीची व्यक्ती, प्रत्येक स्त्री, प्रत्येक मूल, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला माणूस, दंगल-पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला. या सगळ्यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. त्याशिवाय ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेला कोणीही. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य हवे, एवढीच अट.

आता आपल्या प्रदेशाचा हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३ लाख ४३ हजार ७०९ होती. त्यांतले निम्म्याहून अधिक अनुसूचित जमातीचे. ते सगळे पात्र. उरलेल्यांतल्या सगळ्या स्त्रिया आणि मुले पात्र. त्यातूनही राहिलेले पुरुष बहुतेक आमळी, मसाट, रखोली, खडोली, नरोलीच्या कारखान्यांत कामाला. त्यांतले कामगार पात्र. मग अपात्र उरले कोण? माझ्यासारखे थोडे पगारदार, व्यापारी आणि कारखान्यांचे मालक. देशात असे थोडे प्रदेश असतील जिथे जवळजवळ सगळी जनता मोफत वकिलाला पात्र आहे. आणि या सभागृहात किती जणांना हे माहीत होते? हात वर करायला सांगत नाही, पण मनात उत्तर द्या.

कोणी म्हणेल, फुकटचा वकील फुकटासारखेच काम करतो. ही तक्रार मीही ऐकतो आणि ती सगळी खोटी नाही. मानधन कमी, तेही उशिरा, मग चांगला वकील तिकडे कशाला जाईल? फौजदारी प्रकरणांसाठी २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची पद्धत आणली आहे. तशीच पद्धत दिवाणी, कर्जवसुली आणि जमिनीच्या प्रकरणांना आणावी. सरकारी दवाखान्यात डॉक्टर चांगला मिळत नाही म्हणून आपण दवाखाना बंद करा म्हणत नाही, डॉक्टर द्या म्हणतो. इथेही तेच.

दुसरे साधन ग्रामन्यायालय. २००८ चा कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. न्यायाधिकाऱ्याने ठरावीक काळाने गावोगाव जाऊन कोर्ट भरवायचे, दिवाणी दाव्याची फी शंभर रुपयांपेक्षा जास्त नाही, दावा सहा महिन्यांत निकाली काढायचा, स्थानिक भाषेत काम चालवायचे. कागदावर किती सुंदर! पण पंधरा वर्षे उलटूनही देशभर चालू असलेली ग्रामन्यायालये पाचशेच्या आत आहेत. राज्य सरकारे आणि उच्च न्यायालये एकमेकांकडे बोट दाखवतात. खानवेलच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यासाठी हा कायदा जणू मुद्दाम लिहिला आहे असे मला वाटते.

आपण काय मागायचे, काय करायचे

मंडळाने प्रशासनाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला निवेदन द्यावे आणि त्यात पाच मागण्या असाव्यात, असे मी सुचवतो.

पहिली, प्रत्येक समन्स आणि लोक अदालतीच्या प्रत्येक नोटिशीसोबत गुजराती, हिंदी आणि मराठीत एक पान जोडावे. त्यात तारीख, ठिकाण, कारण आणि ‘आपणास मोफत वकील मिळू शकतो’ हे वाक्य ठळक छापावे.

दुसरी, ज्याला वकील नाही अशा माणसाची लोक अदालतीत सही घेण्यापूर्वी विधी सेवेच्या वकिलाने त्याला कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि तसे केल्याची सही स्वतः करावी.

तिसरी, कर्जाच्या प्रकरणात मुद्दल, व्याज आणि दंडव्याज वेगवेगळे दाखवणारा उतारा निदान आठ दिवस आधी कर्जदाराला आणि जामीनदाराला मिळावा. हे मी बँकेत काम करणारा माणूस म्हणून सांगतो. हे करायला संगणकाला एक मिनिट लागते. ज्याचा हिशेब चोख आहे त्या बँकेला याची भीती असण्याचे कारण नाही.

चौथी, खानवेल भागात ठरलेल्या वारी फिरते कोर्ट जावे.

पाचवी, मुंबई उच्च न्यायालयाची सुनावणी सिल्वासात बसून पाहता यावी आणि वकिलाला इथूनच बाजू मांडता यावी.

हे मागणे झाले. आता करणे. प्राधिकरणाची २००९ पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे. वकील नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन लोकांना कोर्टाचा रस्ता दाखवण्याचे काम त्यांना देतात. आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, बँकवाले आहेत, मराठी-गुजराती-इंग्रजी तिन्ही येणाऱ्या गृहिणी आहेत. आपल्यातल्या दहा जणांनी हे प्रशिक्षण घ्यावे. मंडळाच्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त कागद वाचून दाखवण्यासाठी ठेवावी. सल्ला द्यायचा नाही, तो वकिलाचा अधिकार आहे. कागदात काय लिहिले आहे ते सांगायचे, तारीख लिहून द्यायची आणि विधी सेवेच्या कार्यालयाचा रस्ता दाखवायचा. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे, तो सूचनाफलकावर कायमचा लावायचा. आणि हे काम फक्त मराठी माणसापुरते ठेवायचे नाही. आपण इथे पोटापाण्यासाठी आलो, या मातीने आपल्याला सामावून घेतले. इथल्या वारली, कोकणा, धोडिया बांधवांच्या उपयोगी पडलो तर त्या ऋणाची थोडी फेड होईल.

न्यायाचा विषय निघाला की आपण मराठी माणसे रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतो. घ्यायलाच हवे. पेशव्यालाही दोषी ठरवणारा न्यायाधीश आपल्याकडे होऊन गेला, याचा अभिमान का नसावा? पण रामशास्त्री रोज जन्माला येत नाहीत. ज्या दिवशी साधा न्यायाधीश, साधा वकील आणि साधा कारकून यांच्या हातूनही खानवेलच्या जामीनदाराला न्याय मिळेल, त्या दिवशी व्यवस्था सुधारली असे म्हणता येईल.

त्या जामीनदाराचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारत असाल. त्याला विधी सेवा कार्यालयात पाठवले. तिथल्या वकिलाने बँकेशी पत्रव्यवहार केला आणि उरलेले हप्ते लहान करून घेतले. सवलत मात्र पूर्ण परत मिळाली नाही, कारण सही झालेली होती. तो आजही हप्ते भरतो आहे. कर्ज त्याने घेतले नव्हते, रिक्षाही त्याची नव्हती. त्याच्यासारखा पुढचा माणूस सही करायला बसेल तेव्हा त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी नसावी, एवढ्यासाठी या निवेदनावर आपण सर्वांनी सह्या कराव्यात. कागद बाहेर टेबलावर ठेवला आहे. आणि हो, सही करण्याआधी तो नीट वाचा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.